काका, गाडीत आवाज नाही

गाडीत गाणं वाजत नाही अशी तक्रार घेऊन माणूस दुकानात येतो, तेव्हा तो निम्मं भांडण घरी किंवा रस्त्यात करूनच आलेला असतो. इंजिन बंद पडलं तर माणूस घाबरतो. ब्रेक लागत नसेल तर देवाचं नाव घेतो. पण खिशातला प्लेअर गाडीला जोडला जात नाही म्हटलं की त्याचं डोकंच फिरतं. कारण त्याला वाटतं, यात काय एवढं? मेहुण्याच्या गाडीत होतं, मग माझ्याच गाडीत का नाही?

तीस वर्षं मी अंधेरी पूर्वेला, मरोळच्या बाजूला, हेच काम करतोय. दुकान छोटं आहे, दोन गाड्या कशाबशा पुढ्यात उभ्या राहतात. वडील गिरणीत होते. मी गाड्यांच्या वायरी जोडतो हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. "स्टेरिओ बसवणं म्हणजे काय नोकरी रे?" असं ते म्हणायचे. पण त्यांच्या गिरणीचा भोंगा बंद पडून किती वर्षं झाली, आणि माझ्या दुकानापुढे दसऱ्याला आजही रांग लागते.

बाहेरच्यांना सांगतो, हे काम दोन भागांचं आहे. पहिला भाग म्हणजे प्लेअर आणि गाडी यांना एकमेकांची भाषा समजली पाहिजे. पूर्वी एक गोल भोक असायचं, त्यात पिन घातली की झालं. मग ते भोक गेलं आणि चपटं आलं. आता वायरच नको म्हणतात, सगळं हवेतून. दर चार वर्षांनी कंपन्या भोक बदलतात आणि लोक माझ्यावर ओरडतात. दुसरा भाग म्हणजे अर्थिंग, आम्ही नुसतं अर्थ म्हणतो. बॅटरीतून निघालेली वीज काम करून परत गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे जाते. तिला परत जायला चांगली, रुंद वाट द्यायची. वाट नीट नसेल तर ती भलत्याच वायरीतून घुसते आणि स्पीकरमधून गुणगुणते. पहिला भाग कुणीही शिकतो. दुसऱ्या भागात कारागीर कळतो. मी स्वतःला चांगला कारागीर समजतो, आणि ज्याने माझं काम पाहिलंय तोही समजतो.

गमतीजमती पुष्कळ होतात. मुलुंडचे एक गृहस्थ आले होते. म्हणे, रोज सकाळी साडेसातला गाडी सुरू केली की ती आपोआप भजन म्हणते. बंद केलं तरी परत म्हणते. त्यांनी गाडीची पूजासुद्धा घालून घेतली होती. मी विचारलं, घरी कोण कोण असतं? तर पहिल्या मजल्यावर आई, आणि गाडी बरोबर त्यांच्या खिडकीखाली. आईंचा फोन कधीतरी गाडीला जोडलेला होता. त्या सकाळी फोनवर भजन लावायच्या, खाली गाडी सुरू व्हायची आणि भजन खिडकीतून उतरून गाडीत जायचं. वर आईंना वाटायचं, फोन बिघडला. दोन मिनिटांचं काम होतं. घरात महिनाभर तणाव होता.

पण मला सांगायचंय ते पेंडुरकर काकांबद्दल. ती हकीकत मी दुकानात कुणाला फारशी सांगत नाही.

पेंडुरकर काका गोरेगावच्या एका स्टुडिओत साउंड रेकॉर्डिस्ट होते. निवृत्त होऊन पंधराएक वर्षं झाली असतील. पहिल्यांदा आले तेव्हा नवीन गाडी होती, छोटीच. उंच, किडकिडीत माणूस, शर्टाच्या खिशात जुना रेकॉर्डर, सिगारेटच्या पाकिटाएवढा. मी बिलावर नाव लिहिलेलं बघून ते म्हणाले, "परब म्हणजे खंयचे?"

"कुडाळचे."

"मगे आमचेच की," म्हणाले, आणि रेकॉर्डर माझ्या हातात दिला. "हे गाडीत वाजायला हवं."

त्या गाडीला गोल भोक नव्हतं. चपट्या भोकात रेकॉर्डर जोडला तर पडद्यावर यायचं, फाइल सापडत नाही. मग मी रेडिओवरून ऐकवणारी डबी लावली. अंधेरीत रेडिओचे इतके चॅनेल आहेत की त्यात कुठलं तरी घुसायचंच. काकांनी तोंड वाकडं केलं. मग ब्लूटूथची डबी लावली. ती दर पाच मिनिटांनी आपली आपण बंद पडायची. तीन डब्या बदलल्या, तिन्ही बंद पडल्या. शेवटी मी वैतागून विचारलं, "काका, तुम्ही लावता तरी काय यात?"

त्यांनी मला गाडीत बसवलं, काचा वर केल्या आणि रेकॉर्डर लावला. मला काहीच ऐकू आलं नाही. मी वाट बघत राहिलो.

"वाजतंय," ते म्हणाले.

"काय?"

"तीन नंबरचा फ्लोअर. जेवणाच्या सुट्टीतला."

मग त्यांनी समजावलं. शूटिंग संपलं की रेकॉर्डिस्ट सगळ्यांना गप्प करून त्या जागेची शांतता मिनिटभर रेकॉर्ड करून ठेवतो. पुढे संवादांच्या मधल्या फटी भरायला ती लागते. प्रत्येक जागेची शांतता वेगळी असते. काकांनी नोकरीतली ती सवय पुढे चालू ठेवली होती. स्टुडिओचे फ्लोअर, आरेतली पहाट, कोकणातल्या गावच्या, आचऱ्याच्या घरातली दुपार, असं सगळं त्या रेकॉर्डरमध्ये होतं. मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये ते ती शांतता लावून बसायचे. "लोक गाणी लावून आवाज झाकतात," म्हणाले. "मला ते जमत नाही. मी गाण्यांच्याच कारखान्यात होतो."

आता डब्या का झोपत होत्या ते कळलं. त्यांना वाटायचं काही वाजतच नाहीये, म्हणून त्या बंद व्हायच्या. डबीचं काही चुकत नव्हतं. मग मी एक युक्ती केली. गाडीच्या पडद्याचा नाद सोडून ड्रायव्हरच्या सीटखाली छोटा अँप्लिफायर बसवला, त्यातून रेकॉर्डरसाठी सरळ एक वायर वर काढली, चार्जिंगची वायर तिच्याच शेजारून दिली, आणि दोन चांगले स्पीकर लावले. काकांनी वीस मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, "झकास." रेकॉर्डिस्ट माणसाने झकास म्हणावं याचं मला फार अप्रूप वाटलं. पुढे चार-पाच वर्षं गिऱ्हाइकांना मी हे उदाहरण देत असे. जे शोरूमलाही जमलं नसतं ते मी केलं, वगैरे.

मग एका वर्षी, दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात, काका परत आले. सोबत त्यांची मुलगी अनघा होती. ती बँकेत अधिकारी आहे, बोलणं मोजकं, पण वागायला चांगली.

"परब, गुणगुण येतेय," काका म्हणाले. "गाडी पळाली की वर चढते, थांबली की उतरते. शांततेच्या मागे आहे."

दुकानापुढे सहा गाड्या होत्या. मी म्हटलं, बघतो, दहा मिनिटं बसा. ते आत खुर्चीवर बसले आणि अनघा माझ्यामागून गाडीपाशी आली.

"परबदादा, एक बोलू?" ती म्हणाली. "मला नाही ऐकू येत ती गुणगुण. माझ्या नवऱ्याला नाही, मुलीला नाही. डॉक्टर म्हणाले, या वयात कानात आवाज येऊ शकतात. बाबा अठ्ठ्याहत्तरचे आहेत. त्या आवाजाच्या नादात गाडी चालवताना खाली वाकून वायरी हलवतात. परवा पवईच्या उतारावर मी शेजारी होते. रिक्षा थोडक्यात वाचली."

"मग?"

"घरात खूप वाद झाला. शेवटी बाबाच म्हणाले, परब सांगेल ते मान्य. तो म्हणाला आवाज आहे, तर दुरुस्त करून घेऊ. तो म्हणाला नाही, तर कान गेले असं समजून मी गाडी सोडतो." तिने आत खुर्चीकडे पाहिलं. "मी तुम्हाला खोटं बोला म्हणत नाहीये. पण नसेल तर नीट, ठामपणे सांगा. गुळमुळीत नको."

तिचं काही चूक नव्हतं. एवढा विश्वास कुणी टाकला की छाती फुगते, माझीही फुगली. मी सीटवर बसलो, माझा फोन त्या वायरीला लावला, एक गाणं लावलं, गाडी जागेवर सुरू केली, थोडा गॅस दिला. आवाज स्वच्छ होता. गाणं थांबवलं, तरी काही नाही.

काका खिडकीशी आले. "परब, माझा रेकॉर्डर लावून बघ. चार्जिंगला लावून."

"काका, आवाज असला तर कशावरही येईल," मी म्हटलं. मागून एक जण हॉर्न वाजवत होता. "अठ्ठावीस वर्षं हेच करतोय. काका, गाडीत आवाज नाही."

ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांनी वाद घातला असता तर कदाचित मी रेकॉर्डर लावलाही असता. पण ते फक्त म्हणाले, "बरं. तू म्हणतोस म्हणजे नसेल." मग त्यांनी गाडीची किल्ली अनघाच्या हातात दिली आणि शेजारच्या सीटवर जाऊन बसले. मी पुढच्या गाडीकडे वळलो. तेव्हा मला काही वाईट वाटलं नाही, हे खरं सांगायला हवं. उलट एका कुटुंबाचा प्रश्न सोडवला असं वाटलं.

दिवाळीनंतर अनघाचा फोन आला. गाडीला गिऱ्हाईक मिळालं होतं. त्याला सीटखालचा अँप्लिफायर नको होता, तेवढा काढून द्याल का? मी म्हटलं, पाठवा. त्यांच्या सोसायटीतला एक ड्रायव्हर गाडी सोडून गेला. दुपारची वेळ, काम कमी होतं. मी सीटचे बोल्ट काढले, सीट मागे कलंडवली, खालचा गालिचा उचलला आणि तसाच थांबलो.

अँप्लिफायरची अर्थची वायर मी सीटच्याच एका बोल्टखाली दाबली होती. बोल्टभोवतीचा रंग खरवडून पत्रा उघडा करायचा असतो, हे मी दुकानात आलेल्या प्रत्येकाला शिकवलंय. त्या दिवशी मी खरवडला नव्हता. घाईत असेन, किंवा वाटलं असेल चालेल. वायर रंगावरच बसली होती. सुरुवातीला कामापुरता स्पर्श होता. मग पावसाळ्यातल्या ओल्या चपला, गंज, आणि तो स्पर्श कमी कमी होत गेला. परत जायला वाट नाही म्हटल्यावर वीज दुसरीकडून निघाली होती, रेकॉर्डरच्या बारीक वायरीतून, चार्जिंगच्या वायरीतून. त्या वायरी एवढ्या विजेसाठी नसतात. त्यांचं प्लॅस्टिक तपकिरी पडून मऊ झालं होतं. गालिच्याला खालून बांगडीएवढा काळा डाग होता आणि मधोमध भोक.

म्हणजे गुणगुण होती. फक्त रेकॉर्डर चार्जिंगला असताना यायची, बारीक यायची, आणि तीसुद्धा शांतता लावली तरच कळायची. माझा फोन चार्जिंगला नव्हता. त्यावर गाणं होतं. ज्या माणसाने रेकॉर्डर लाव म्हणून सांगितलं, त्याला मी अठ्ठावीस वर्षं ऐकवली होती. आणि तो खाली वाकून वायरी हलवत होता, तो वेडा नव्हता. बरोबर जागी हात घालत होता. अजून एखादा महिना गेला असता तर त्याच्या सीटखाली आग लागली असती.

आता खरं सांगतो. मी ती वायर हातात घेऊन बराच वेळ बसलो. कुणाला काही कळणार नव्हतं. अँप्लिफायर काढायचा, गालिच्याचा तुकडा बदलायचा, गाडी द्यायची. नवा मालक खूश, अनघा निर्धास्त. घरी गेल्यावर बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आणि ते काका काय करतात आता?"

"काय करणार? घरी असतील."

"जाऊन बघून ये," एवढंच म्हणाली.

रविवारी सकाळी मी गोरेगावला गेलो. जळकी वायर पिशवीत घेतली होती. बेल वाजवली. दार लगेच उघडलं नाही. आतून काकांचा आवाज आला, "अनघा, बेल वाजली का गं?"

"वाजली, बाबा."

दार अनघाने उघडलं. मला बघून तिला नवल वाटलं. काका गॅलरीत बसले होते. मी काही बोलायच्या आत ती हळूच म्हणाली, "हल्ली असंच चाललंय. बेल वाजली तरी आधी मला विचारतात. कुकरची शिट्टी झाली तरी विचारतात. रेकॉर्डर कपाटात ठेवून दिलाय." हे ती तक्रार म्हणून सांगत नव्हती, काळजीने सांगत होती.

मी काकांसमोर बसलो, पिशवीतून वायर काढली आणि त्यांच्या हातात दिली. म्हटलं, "काका, आवाज होता."

त्यांनी वायर नाकाशी नेली, वास घेतला. बोटाने मऊ झालेलं प्लॅस्टिक दाबून बघितलं.

"कुठे?"

"तुमच्या सीटखाली. अर्थ ढिला होता. मीच बसवलेला. मी पत्रा खरवडला नव्हता. त्या दिवशी तुम्ही रेकॉर्डर लाव म्हणालात, तेही मी ऐकलं नाही."

अनघा दारात उभी होती. "म्हणजे बाबा बरोबर होते?" तिने विचारलं.

"शंभर टक्के. आणि गाडी तशीच वापरली असती तर पेटली असती."

ती खाली बसली. तिचे डोळे भरून आले. "बाबा, मी तुम्हाला काय काय बोलले," ती म्हणाली. "डॉक्टरकडे नेलं. गाडी विकायला काढली."

काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तुझं काय चुकलं गो? तू जाणकाराक विचारलंस," ते म्हणाले.

माझ्याकडे न बघता म्हणाले. माझ्यावर ते रागावले असते, दोन शिव्या दिल्या असत्या, तर बरं झालं असतं. इतक्या वर्षांत गिऱ्हाइकांच्या शिव्या खूप खाल्ल्यात, त्या मला पचतात. हे वाक्य अजून पचलेलं नाही.

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "त्या गुणगुणीचा वरचा सा कुठे लागायचा, ऐकलंस का?"

"नाही काका. वायर बघितल्यावर गाडी चालू करायची हिंमत झाली नाही."

"पेटीच्या काळी चारच्या जवळपास असायचा, पवईचा चढ लागला की," ते म्हणाले, आणि मला पहिल्यांदाच हसू दिसलं. "एवढा स्पष्ट. मला वाटलं, इतका सुरात असलेला आवाज डोक्यातला कसा असेल? पण तू नाही म्हणालास."

गाडीचा सौदा अनघाने त्याच दिवशी मोडला. पुढच्या दोन दिवसांत मी सगळं काम नव्याने केलं. पत्रा चकचकीत होईपर्यंत खरवडला, जाड वायर टाकली, चार्जिंगचा मार्ग वेगळा केला, बॅटरीपाशी फ्यूज लावला. गालिचा नवा घातला. मग काकांना ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं, मी शेजारी बसलो, आणि आम्ही पवईच्या चढावर गेलो. रेकॉर्डर चार्जिंगला लावला होता. काकांनी आचऱ्याच्या घरातली दुपार लावली. चढावर गाडीने जोर घेतला. मी कान टवकारून बसलो होतो. त्यांच्या तोंडाकडेच बघत होतो, कारण माझ्या कानांवर माझा त्या दिवशी विश्वास नव्हता.

"नाही," ते म्हणाले. "आता नाही."

तेव्हापासून दुकानात माझी रीत बदलली. गिऱ्हाईक म्हणालं आवाज येतोय, तर आधी त्याचाच प्लेअर, त्याचीच वायर, त्याच्याच सीटवर बसून ऐकायचं. बाहेर किती का हॉर्न वाजेनात. दहातल्या नऊ वेळा काही नसतं. पण "नाही" हा शब्द मी आता फार सावकाश उच्चारतो. कामात मी कमी पडत नाही, आजही छाती ठोकून सांगतो. उपनगरात माझ्याइतका स्वच्छ अर्थ देणारे फार नाहीत. फक्त आपण चांगले आहोत हे माहीत असलं की माणूस तपासायचं सोडतो, एवढं मला महागात शिकायला मिळालं. महाग मला पडलं नाही, दुसऱ्याला पडलं, हा त्यातला वाईट भाग.

काकांनी पुढे दीड वर्ष गाडी चालवली. वाकून वायरी हलवायचं कारणच राहिलं नव्हतं. अनघा कधी शेजारी बसायची, कधी नाही.

मग एका सकाळी ते दुकानात आले, रिक्षाने. मला वाटलं गाडी बिघडली. मी खुर्ची पुढे करून विचारलं, तर म्हणाले, "गाडी दिली भाच्याला."

"का? परत आवाज येतोय? मी बघतो ना."

"गाडी चांगली आहे," ते म्हणाले. "गेल्या आठवड्यात साकीनाक्याला मागून बाइकवाला हॉर्न देत होता. मला उशिरा कळलं. दोनदा असं झालं. रेकॉर्डरवर आरेतली पहाट लावून बघितली, त्यात एक पक्षी होता, तो आता मला ऐकू येत नाही. म्हटलं, आता पुरे."

मी म्हटलं, "काका, एकदा कान तपासून घ्या. असं एकदम ठरवू नका. मशीन मिळतात हल्ली."

"तपासलेत. मशीनही सांगितलंय," ते म्हणाले. मग मांडीवरचा रुमाल घडी करून खिशात ठेवला आणि उठले. "परब, मी तुला विचारायला आलो नाही रे. सांगायला आलोय."

मी त्यांना रिक्षापर्यंत सोडायला गेलो. ते ताठ चालत होते.